जिलबीचा दिवस

कोल्हापूर,
दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. सुमेध यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे होत आले. मध्ये दोनदा तू "बाबा, वाचलंत ना?" असं विचारलंस आणि मी नुसता अंगठा दाखवून वेळ मारून नेली. खरं तर त्याच रात्री वाचला होता. पण फोनवर उत्तर द्यावं असं ते नव्हतं, आणि फोनवर लिहायला लागलो की माझं अर्धं लक्ष अक्षरं शोधण्यात जातं. म्हणून कागद घेतला. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेईन. अक्षर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, लावून वाच.

तू ऑश्विट्झ पाहून आलास, पोलंडमधली नाझींची ती मृत्युछावणी. क्राकोवपासून जेमतेम सत्तर किलोमीटर, म्हणजे आपल्या इथून कऱ्हाड. दोन वर्षं "जाऊ, जाऊ" म्हणत होतास आणि जाऊन आल्यावर चार दिवस नीट जेवला नाहीस, असं मानसी फोनवर सांगत होती. मेसेजमध्ये छावणीबद्दल तू कमीच लिहिलं होतंस. भिंतीला लागून असलेल्या, छावणीच्या प्रमुखाच्या त्या घराबद्दल जास्त. दुमजली घर, बाग, पाच मुलं. आणि शेवटी तुझा प्रश्न: "बाबा, हा माणूस बाप म्हणून मात्र चांगला होता म्हणे. हे जमतं कसं?"

तू सहज विचारलंस. मला ते सहज घेता आलं नाही. का, ते पुढे येईलच. आधी आईचं सांगतो.

तू पाठवलेले फोटो तिनं टॅबवर मोठे करून पाहिले. बुटांचा ढीग पाहून काही बोलली नाही. चष्मे बोटानं पटकन पुढे सरकवले. थांबली ती भांड्यांपाशी. तिथे काचेमागे बारा हजारांवर भांडी आहेत. इनॅमलची पातेली, किटल्या, डाव, चाळण्या, दुधाचे कान असलेले मग. तिनं एकेक न्याहाळलं, जणू बोहारणीकडे बसली आहे. मग म्हणाली, "मरायला निघालेलं माणूस चाळणी कशाला घेईल बरोबर?" आणि थोड्या वेळानं स्वतःच, "म्हणजे त्यांना खरंच वाटलं होतं."

हो, वाटलं होतं. त्या ज्यू लोकांना सांगितलं होतं की तुमचं पूर्वेकडे पुनर्वसन होणार आहे. काम मिळेल, राहायला जागा मिळेल, नेता येईल तेवढं सामान घ्या, बॅगेवर नाव ठळक लिहा म्हणजे गहाळ होणार नाही. बायकांनी आदल्या रात्री बसून विचार केला असेल, मोठं पातेलं घ्यावं की त्यात मावणारी दोन लहान घ्यावीत. त्या बॅगा तू पाहिल्यास. त्यांवर पांढऱ्या रंगात नाव, जन्मतारीख, गाव. आई म्हणाली, आपण भांड्यांवर नावं घालतो, त्यांनी बॅगांवर घातली. मी तिला सांगितलं नाही की बॅगा फलाटावरच राहायच्या आणि त्यांचे मालक बहुतेक त्याच दिवशी संपायचे. तिला ते कळलं असणारच. पण "पुनर्वसन" हा शब्द तू लक्षात ठेव. मला तो पुढे लागणार आहे.

(एक आठवलं म्हणून सांगतो. तुझी पणजी वळिवड्याच्या पोलिश कँपात अंडी विकायला जायची. १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश माणसं होती तिथे, बहुतेक बायका आणि मुलं. ती रशियानं सैबेरियाकडे हाकललेली, म्हणजे गोष्ट निराळी, दोन्ही एकात मिसळू नकोस. पणजी सांगायची, त्या बायका पितळेचं एखादं भांडं विकत घेतलं की दिवसभर घासत बसायच्या. ती हसायची त्यांना. पुढे त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं.)

आता तुझा तो माणूस. रुडॉल्फ होस. हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस तो वेगळा. मी पहिले दोन दिवस यात घोळ घातला होता. तुझ्या मेसेजनंतर मी जे मिळेल ते वाचत सुटलो. त्यातलं मुख्य म्हणजे त्यानं स्वतः लिहिलेलं. खटल्याची वाट पाहत असताना क्राकोवच्या तुरुंगात त्यानं आपली सगळी हकिगत लिहून काढली. तू राहतोस त्याच गावात. मला वाटलं होतं, कुणा सैतानाचं काहीतरी वाचायला मिळेल. मिळाला एक नेटका, कामसू, थोडा रडका माणूस. आमच्या आस्थापना शाखेत असे दोन-तीन होते.

त्याला शेतकरी व्हायचं होतं. तरुणपणी एका राजकीय खुनात भाग घेऊन काही वर्षं तुरुंगात काढली, सुटल्यावर "शहर सोडा, मातीकडे चला" म्हणणाऱ्या एका चळवळीत गेला. तिथेच त्याला हेडविग भेटली, १९२९ मध्ये लग्न झालं. बेत साधा होता: जमीन घ्यायची, मुलं वाढवायची. १९३४ मध्ये नाझी नेता हिमलरच्या एसएस दलाकडून डाखाऊच्या छावणीत नोकरी लागली, मग साक्सेनहाउझेन, आणि मे १९४० मध्ये ऑश्विट्झचा प्रमुख म्हणून बदली. चार मुलं बरोबर होती. पाचवी मुलगी १९४३ मध्ये तिथे असतानाच झाली. बदलीची नोकरी, सरकारी क्वार्टर, शाळकरी मुलं. वाचताना मला आपलेच ट्रंका-पेट्यांचे दिवस आठवत होते, आणि आठवल्याचा रागही येत होता.

ते घर पोलिश सैन्यातल्या एका माणसाचं होतं. त्याला बाहेर काढलं. बाग कैद्यांनी केली. आपल्या बायकोची बाग म्हणजे फुलांचा स्वर्ग होता असं होस लिहितो. मुलांना कासवं, सरडे, मांजरं, जे हवं ते कैदी आणून द्यायचे. उन्हाळ्यात बागेतल्या टाक्यात नाहीतर सोला नदीत डुंबायचं, आणि बाबा पाण्यात उतरले तर मुलांचा आनंद गगनात मावायचा नाही. माळ्यावर कैदी बायका हेडविगसाठी कपडे शिवायच्या. साखर, पीठ, दूध छावणीच्या कोठारातून यायचं. हे शेवटचं होसनं लिहिलेलं नाही, तिथे माळीकाम करणाऱ्या पोलिश कैद्यानं नंतर साक्षीत सांगितलं. त्याच माळ्यानं हेडविगचं एक बोलणंही सांगितलं आहे, की मला इथेच जगायचं आहे आणि इथेच मरायचं आहे.

जुनी दाहभट्टी घरापासून हाकेच्या अंतरावर. "हाकेच्या अंतरावर" हे मी लिहून गेलो आणि मग पेन थांबलं. पहिलं गॅसघर तिथलंच. नंतरची मोठी गॅसघरं बिर्केनाउला, तीनेक किलोमीटरवर. किमान अकरा लाख माणसं तिथे मेली, त्यातली सुमारे दहा लाख ज्यू. मुलं आणि किशोरवयीन मिळून सुमारे दोन लाख बत्तीस हजार तिथे आणली गेली. जळण्याचा वास आसपासच्या गावांत पसरायचा आणि तिथे काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक होतं, हे न्युरेंबर्गला, नाझी नेत्यांच्या खटल्यात, होसनंच शपथेवर लिहून दिलं.

घरात हा विषय निघायचा नाही. त्यानं तुरुंगातल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं ते असं: १९४२ मध्ये त्या प्रांताचा नाझी प्रमुख ब्राख्ट घरी आला असताना काही बोलून गेला, ते हेडविगच्या कानावर पडलं. तिनं नवऱ्याला विचारलं. त्यानं खरं सांगितलं. त्यानंतर दोघांत अंतर पडलं, असं तो म्हणतो. अंतर पडलं, पण पुढच्या वर्षी मुलगी झाली, आणि १९४३ च्या शेवटी होसची बर्लिनकडे बदली झाल्यावरही हेडविग मुलांना घेऊन त्याच घरात राहिली. बाग सोडवेना.

पण मला रात्रभर जागं ठेवलं ते दुसऱ्याच एका जागेनं. होस लिहितो, की रात्री गाड्या यायच्या तेव्हा, गॅसघरांपाशी, जाळाच्या खड्ड्यांपाशी उभा असताना मला वारंवार बायकोची, मुलांची आठवण यायची. मात्र समोर चाललंय त्याच्याशी मी त्यांचा संबंध जुळू दिला नाही. तिथे काम करणारे लग्न झालेले इतर लोकही हेच सांगायचे, असंही तो लिहितो. अशा रात्री घरी जाववायचं नाही, मग घोड्यावर बसून लांब रपेट मारायची नाहीतर तबेल्यात जाऊन जनावरांत उभं राहायचं. घरी मुलं खेळताना दिसली, बायको तान्हीला घेऊन सुखात दिसली, की मनात यायचं, आपलं हे सुख किती दिवस टिकणार. त्याचं तोंड उतरलेलं का, हे बायकोला कळायचं नाही. तिला वाटायचं, कामाचा ताण.

एवढं वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

कारण तोपर्यंत मी समजत होतो की अशा माणसाला मुलांचा विसर पडत असेल. दारात बूट काढले की छावणी विसरायची, भिंत ओलांडली की घर विसरायचं, असं काहीतरी. तसं नव्हतं. मुलं तिथेच होती, खड्ड्याच्या कडेला, डोक्यात. समोर कुणाची तरी तेवढ्याच वयाची मुलं रांगेत होती. दोन्ही एकदम दिसत होतं आणि मध्ये एक रेघ मारायची तेवढी त्यानं मारली नाही. त्यासाठी फार मोठी बुद्धी लागत नाही. तुझ्या मुक्तालाही चित्रातल्या दोन सारख्या गोष्टींना रेघेनं जोडता येतं, तिच्या वर्कबुकात तेच तर असतं.

तेव्हा "चांगला बाप होता" हे त्याच्या बाजूचं काहीतरी शिल्लक आहे असं तुला वाटलं असेल, तर मला उलट वाटतं. त्या घरातलं प्रेम त्या कारखान्याच्या उपयोगी पडलं. रोज संध्याकाळी माणूस घरी येऊन ताजातवाना व्हायचा आणि सकाळी पुन्हा कामावर. मे १९४४ मध्ये हंगेरीतल्या ज्यूंना आणायचं ठरलं तेव्हा या कामाला अनुभवी माणूस हवा म्हणून त्यालाच परत बोलावलं. १५ मे ते ९ जुलै, आठ आठवडे, सव्वाचार लाखांवर माणसं, बहुतेक सगळी थेट तिथेच. बायको-मुलं घरात होतीच. बाबा घरी आले म्हणून पोरांनी उड्या मारल्या असतील.

जुलैत तू मुक्ताचा फोटो पाठवला होतास, आठवतं? बेस्कीदच्या डोंगरात, हातात वाटी, ब्लूबेरी खाऊन जीभ निळी-जांभळी. आई म्हणाली, अगदी जांभळं खाल्ल्यावर तुझी व्हायची तशी. तो फोटो मी फोनच्या पहिल्या पानावर लावला होता. गेल्या आठवड्यात काढला. त्याचं कारण म्हणजे दुसरा एक अल्बम. कार्ल होकर नावाचा ऑश्विट्झमधला एक अधिकारी होता, छावणीच्या नंतरच्या एका प्रमुखाचा सहायक. बँकेतला कारकून, लढाईनंतरही पुन्हा बँकेतच गेला. त्याचा खासगी अल्बम २००७ मध्ये अमेरिकेतल्या होलोकॉस्ट संग्रहालयाकडे आला. ११६ फोटो. त्यात एका पानावर तारीख आहे २२ जुलै १९४४. छावणीपासून तीसेक किलोमीटरवर, त्याच सोला नदीकाठच्या डोंगरात त्यांचं सुट्टीचं घर होतं. लाकडी कठड्यावर तरुण मुली ओळीनं बसल्या आहेत, शेजारी अॅकॉर्डियन वाजवणारा, आणि होकर सगळ्यांना वाट्यांतून ब्लूबेरी देतोय. शेवटच्या फोटोत वाट्या रिकाम्या. मुली त्या उलट्या करून दाखवतात आणि एक जण संपल्या म्हणून रडण्याचं सोंग करते. छान हसऱ्या मुली आहेत. छावणीच्या ऑफिसातल्या. फोन, तारा, टंकलेखन.

मुक्तानं ब्लूबेरी खाऊ नयेत असं मी म्हणत नाही. दे तिला भरपूर. फोटो मी परत लावेन. पण मला तेव्हा त्या मुलींच्या टेबलावरचे कागद दिसायला लागले. जन्मभर मी तेच केलं ना रे. आवक, जावक, यादी, टिपणी, सादर.

होसचं आणखी एक सांगतो आणि मग माझ्याकडे येतो. तो पकडला गेला ११ मार्च १९४६ ला, जर्मनीच्या उत्तर टोकाला एका शेतावर. खोट्या नावानं मजुरी करत होता. म्हणजे शेवटी शेतीच मिळाली. मी तो नव्हेच, म्हणाला. तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यानं बोटातली अंगठी काढायला लावली. निघत नाही म्हणाला, बोट कापायची धमकी दिल्यावर निघाली. आत दोघांची नावं कोरलेली. रुडॉल्फ, हेडविग. आईला हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तिकडेही घालतात नावं."

वॉर्साला खटला झाला आणि १६ एप्रिल १९४७ ला त्याला ऑश्विट्झमध्येच फाशी दिलं, जुन्या दाहभट्टीशेजारी. ते घर तिथून दिसतं, तू लिहिलंच आहेस. फाशीच्या पाच दिवस आधी त्यानं बायको-मुलांना पत्र लिहिलं. त्यात थोरल्या मुलासाठी वेगळ्या ओळी आहेत. मुलगा सतरा वर्षांचा होता. बाप सांगतो: तुझं चांगलं मन जप. माणुसकीनं वाग. स्वतःच्या डोक्यानं विचार करायला शीक, कुणी काही सांगितलं म्हणून ते खरं धरू नकोस. वरून येईल त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक.

सुमेध, मी ते तीनदा वाचलं. यातलं एक वाक्य असं नाही की जे मी तुला लिहिलं नसतं. तू पुण्याला होस्टेलला गेलास तेव्हा मी जे दोन पानी पत्र दिलं होतं, त्यात जवळजवळ हेच होतं. आणि तरी काहीतरी खटकत राहिलं, दातात अडकल्यासारखं. मग लक्षात आलं. त्यानं चूक कबूल केली ती विश्वास ठेवल्याची. मुलाला उपदेश आहे, हळहळ आहे, शुभेच्छा आहेत. भिंतीपलीकडे आलेल्या एकाही मुलाचा त्या ओळींत पत्ता नाही. आणि त्या आत्मकथनात तो लिहितो की आपण घरच्यांना आणखी वेळ द्यायला हवा होता, याची आता खंत वाटते.

आता माझं. गेल्या वर्षी माझ्या सत्तरीला तू हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोललास. बालपणातला सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता, तर चौथीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला तो. बाबा ऑफिसातून किलोभर जिलबी घेऊन आले, मला खांद्यावर बसवून गल्लीतून फिरवलं, घराघरात पुडा दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली पाहत होतो. तुला वाटलं, बाबांचे डोळे भरून आले.

तो जूनचा पहिला आठवडा होता. तेव्हा आपण ज्या गावी होतो तिथे मी अतिक्रमण विभाग बघायचो, हे तुला माहीत आहे. ओढ्याकाठच्या झोपड्यांची यादी मी केली होती. एक्केचाळीस. नाव, माणसं किती, पत्रा की कुडाचं, कधीपासून. नोटिसा मीच चिकटवल्या. पावसाळा तोंडावर आलाय, चार महिने थांबू या, असं म्हणायचं माझ्या मनात होतं. साहेबांसमोर गेलो तेव्हा साहेब कुणाशी तरी फोनवर बोलत होते, मी फाइल ठेवून बाहेर आलो. एवढंच. कुणी मला धाक घातला नाही. म्हणायचं होतं ते मी म्हटलं नाही.

त्या दिवशी सकाळी सातला जेसीबी आला. मी यादी घेऊन टिक करत होतो. दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला सामानाचे ढीग. एका घरी कुणीच नव्हतं, बाई कामावर गेली असावी. शेजारणींनी तिचं सामान बाहेर आणून ठेवलं. आत राहतं कोण हे मला नक्की करायचं होतं. ढिगात वर एक स्टीलचं पातेलं होतं, त्यावर नाव घातलेलं, "हिच्या लग्नात मामाकडून" असं काहीतरी. मी वाकून ते नाव वाचलं, यादीत शोधलं आणि समोर टिक केली.

फाइलीवर विषय होता "ओढ्यालगतच्या अतिक्रमणधारकांचे पुनर्वसन". कुठे करायचं, तो रकाना कोराच होता. दोन दिवसांनी मृगाचा पाऊस लागला. ती माणसं कुठे गेली ते मी विचारलं नाही. त्या रकान्यात काही भरलं नाही म्हणून मला कुणीही विचारलं नाही.

चार वाजता तुझ्या बाईंचा ऑफिसात फोन आला, निकाल लागल्याचा. येताना मी स्टँडजवळ जिलबी घेतली. ओढ्यावरून यायचं टाळलं, लांबच्या रस्त्यानं आलो. तुला खांद्यावर घेतलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. तुझ्या आईनं रात्री विचारलं, "चेहरा का उतरलाय?" मी म्हटलं, "काही नाही, ऑफिसचं टेन्शन."

एक नीट लक्षात घे. मी स्वतःला त्या पंगतीत बसवत नाही. माझ्या यादीतल्या कुणाला कुणी मारलं नाही, आणि अकरा लाख माणसांशेजारी एक्केचाळीस झोपड्या मांडणं हा मेलेल्यांचा अपमान होईल. तू तसं काही बोललास तर मीच तुला थांबवेन. पण तू विचारलंस की हे जमतं कसं, आणि मला ते जमलं होतं. एका दिवसापुरतं, छोट्या मापानं. म्हणून मी तीन आठवडे गप्प होतो.

मुक्ताला तिथे कधी न्यावं, असंही तू विचारलं होतंस. संग्रहालयवाले चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका म्हणतात, ते ऐक. ती सात वर्षांची आहे, घाई नाही. ते घर कुणा संस्थेनं २०२४ मध्ये विकत घेतलंय असं वाचलं. ती मोठी होईपर्यंत तिथे काय काय झालेलं असेल कुणास ठाऊक. पण परवा व्हिडिओ कॉलवर तिनं मला विचारलं, "आजोबा, तुम्ही ऑफिसमध्ये काय करायचात?" मी म्हटलं, कागदांवर सह्या. ती हसली आणि पळाली. पुन्हा विचारेल. मी असेन तर मी सांगेन. नसेन तर जिलबीचं तू सांगशीलच, ते तुला तोंडपाठ आहे. यादीचंही सांग.

मानसीला आणि मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता. क. आईनं मेतकूट आणि भाजणी पार्सल केली आहे, आठवड्याभरात पोचेल. डबा स्टीलचा आहे, परत आणायचा आहे म्हणून तिनं त्यावर नाव घालून घेतलंय. मुक्ताचं.